फासे शंभर, दान एकच

दूरदर्शनचे कार्यक्रम संपले की पडद्यावर मुंग्या येत. ते ज्यांना आठवते, त्यांना आजचा संगणक चित्र कसे काढतो हे समजायला कठीण जाऊ नये. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या बऱ्याच चित्र-प्रणाली अशा मुंग्यांपासूनच सुरुवात करतात. ‘पावसात शाळेला निघालेली मुलगी’ असे आपण लिहून दिले, की प्रणाली त्या मुंग्या हळूहळू निवळत जाते आणि शब्दांशी जुळणारे रूप त्यांतून वर येते. सुरुवातीच्या मुंग्यांची मांडणी एका आकड्यावर ठरते. त्याला ‘सीड’ म्हणतात. आपण बी म्हणू. प्रणाली, शब्द, बाकीची योजना आणि हा आकडा तोच ठेवला, तर तेच चित्र पुन्हा मिळते. आकडा बदलला की मुलीचा चेहरा, छत्रीचा रंग, रस्त्याचे वळण बदलते.

म्हणजे इथे योगायोग आहे, पण त्याला लगाम आहे. लगाम आणखीही आहेत. ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या ‘स्टेबल डिफ्यूजन’मध्ये आपल्या शब्दांना किती घट्ट धरून राहायचे, हे आकड्याने सांगता येते. आकडा वाढवला की चित्र मागणीबरहुकूम येते. पण चित्रे एकमेकांसारखी दिसू लागतात आणि फारच वाढवला तर रंग भडक होतात. कमी केला की वैविध्य येते, पण चित्र विषय सोडून भरकटते. ‘मिडजर्नी’ या प्रणालीत तर ‘केऑस’ नावाचे ० ते १०० असे माप आहे. ते वाढवावे तशी एकाच मागणीवरची चार चित्रे एकमेकांपासून दूर जातात.

यावरून वाटेल, की दोन-चार आकडे फिरवले की हवे तितके वैविध्य हाती आले. माझी शंका नेमकी इथे सुरू होते. बी बदलल्याने चेहरा, कोन, रंग बदलतात, पण माणूस कोणत्या ठशाचा उमटणार, हे त्या प्रणालीला शिकवताना दाखवलेल्या कोट्यवधी चित्रांनी आधीच बरेचसे ठरवून टाकलेले असते. ‘रेस्ट ऑफ वर्ल्ड’ या नियतकालिकाने २०२३ मध्ये मिडजर्नीकडून ३,००० चित्रे काढून घेतली. त्यांत ‘एक भारतीय व्यक्ती’ ही मागणी १०० वेळा होती. जवळजवळ प्रत्येक वेळी उमटला तो दाढीवाला म्हातारा पुरुष! तुमच्या घरातली, चाळीतली, कचेरीतली माणसे डोळ्यांसमोर आणा. त्यांतली किती जणे या चित्रात बसतील? फासे शंभर वेळा टाकले, दान मात्र एकच पडले.

प्रणाली जगाचा आरसा आहे, असेही म्हणता येत नाही. ‘ब्लूमबर्ग’ने त्याच वर्षी केलेल्या पाहणीत ‘न्यायाधीश’ या शब्दावर स्टेबल डिफ्यूजनने काढलेल्या चित्रांत स्त्रिया जेमतेम ३ टक्के होत्या. अमेरिकेतल्या प्रत्यक्ष न्यायाधीशांत त्या ३४ टक्के होत्या. जे जास्त दिसते ते प्रणाली आणखी जास्त दाखवते आणि जे थोडे आहे ते पुसून टाकते.

कंपन्यांना हे कळत नव्हते असे नाही. ‘ओपनएआय’ने जुलै २०२२ मध्येच जाहीर केले, की मागणीत वंश वा लिंग सांगितलेले नसेल तर ‘डॅल-ई २’ जगातल्या लोकसंख्येचे वैविध्य दिसेल अशी चित्रे काढील. हेतू चांगलाच होता. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘गूगल’च्या ‘जेमिनी’ने या औषधाचा दुसरा परिणाम दाखवला. १९४३ सालच्या जर्मन सैनिकांचे चित्र मागितले, तर गणवेशात कृष्णवर्णीय आणि आशियाई चेहरे आले. गदारोळ झाला आणि २२ फेब्रुवारीला कंपनीने माणसांची चित्रे काढणेच थांबवले. दुसऱ्या दिवशी तिचे तेव्हाचे वरिष्ठ उपाध्यक्ष, मद्रास आयआयटीचे माजी विद्यार्थी प्रभाकर राघवन यांनी जाहीर कबुली दिली. निरनिराळी माणसे दिसावीत म्हणून केलेल्या योजनेत, जिथे ती उघडच दिसायला नकोत, अशा प्रसंगांचा विचार राहून गेला होता. ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या प्रणालीसह ही सोय पुन्हा टप्प्याटप्प्याने सुरू झाली.

अनेकांनी हा प्रकार हसण्यावारी नेला. मला तो हसण्यासारखा वाटत नाही. वंशद्वेष हाच ज्या राजवटीचा पाया होता, तिच्या सैन्यात सर्व वर्णांचे तरुण गुण्यागोविंदाने उभे दाखवले, तर पाहणाऱ्या मुलाच्या मनात त्या राजवटीचा गुन्हाच पुसट होतो. आणि प्रत्येक भारतीय दाढीवाला म्हातारा दाखवला, तर परदेशातल्या मुलाच्या लेखी आपल्या मुली-सुना अस्तित्वातच राहत नाहीत. दोन्ही चुकांचे मूळ एकच. एकदा सरासरी सरसकट ओतली, एकदा वैविध्य सरसकट ओतले. प्रश्न कोणता आहे हे कोणी पाहिलेच नाही. कुठे वैविध्य हवे आणि कुठे इतिहासाशी इमान हवे, हे कोणताही आकडा आपण होऊन सांगत नाही. ते माणसालाच ठरवावे लागते, आणि आज ते काही मोजक्या कंपन्यांच्या कचेऱ्यांत ठरते आहे.

आपल्या हाती काहीच नाही, असे मात्र नाही. शाळेच्या प्रकल्पाच्या वहीत मुले आता ही चित्रे चिकटवू लागली आहेत. मागणी मोघम असेल तर ठसा प्रणालीचा उमटतो. म्हणून ‘भारतीय व्यक्ती’ऐवजी कोण, कुठली, किती वयाची, काय करणारी, हे मुलांना लिहायला लावावे. पाचसहा चित्रे काढून ती शेजारीशेजारी ठेवावीत आणि त्यांत कोण दिसत नाही, असे विचारावे. इतिहासाचा विषय असेल तर आधी त्या काळातले खरे छायाचित्र वा चित्र शोधावे. आणि संगणकाचे चित्र लावायचेच असेल, तर त्याखाली ‘कल्पनाचित्र’ एवढा एक शब्द मुलांच्याच अक्षरात लिहून घ्यावा.