पाटी रस्त्यावर, गिऱ्हाईक गुगलवर
विशेष प्रतिनिधी

एव्हरशाईन सिटीत गाळा घ्यावा, शटर रंगवून वर दिव्यांची पाटी लावावी, आसपासच्या सोसायट्यांमध्ये वृत्तपत्रांतून पत्रके टाकावीत आणि गिऱ्हाइकाची वाट पाहावी, असा धंद्याचा सरळ क्रम एके काळी होता. आज त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावरचा रहिवासी तळमजल्यावरील दंतवैद्यही मोबाईलवर शोधतो. शिकवणी वर्ग असो, पोळी-भाजी केंद्र असो वा नळदुरुस्ती करणारा असो, गिऱ्हाइकाची पहिली पायरी आता शोधाच्या चौकटीवरच पडते. त्या चौकटीत आपले नाव पहिल्या पानावर यावे, ही इच्छा साहजिक आहे आणि तिच्या भोवती एक नवा व्यवसायही उभा राहिला आहे. ‘एका महिन्यात गुगलवर पहिला क्रमांक, हमखास’ असे सांगत दुकानोदुकानी फिरणारे एजंट वसई-विरारच्या व्यापाऱ्यांना नवे राहिलेले नाहीत.

या व्यवसायाचे नाव ‘सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन’, थोडक्यात ‘एसईओ’. नाव भारदस्त असले तरी त्याचा पाया साधा आहे आणि तो समजून घेतल्यास काही हजार रुपये नक्की वाचतात.

सर्च इंजिन तीन कामे करते. त्याचे संगणकीय हरकारे एका पानावरील लिंक पकडून दुसऱ्या पानावर जात इंटरनेट सतत वाचत असतात. वाचलेल्या मजकुराची शब्दवार सूची तयार होते. जाडजूड ग्रंथाच्या शेवटी असते तशीच ही सूची असते, फक्त अब्जावधी पानांची. तुम्ही शब्द टाकलात की तो इंटरनेटवर नव्हे, तर या सूचीत शोधला जातो आणि सापडलेल्या पानांचा क्रम लावला जातो. म्हणजे पान वाचलेच गेले नसेल, तर ते सूचीत नाही आणि सूचीत नसेल, तर क्रमांकाचा प्रश्नच उद्भवत नाही. दुकानाची सारी माहिती एका रंगीत चित्रात घालून तेच संकेतस्थळ म्हणून चढवणारे अनेक जण इथेच अडकतात. माणसाला ते चित्र वाचता येते, सर्च इंजिनला त्यातून हाती फारसे काही लागत नाही.

क्रम लावण्याच्या पद्धतीत क्रांती घडवली ती १९९८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी. एखाद्या शोधनिबंधाचा किती जणांनी संदर्भ दिला यावरून विद्वानांच्या जगात त्याचे वजन ठरते. तोच न्याय त्यांनी वेबपानांना लावला. ज्या पानाकडे अधिक लिंक, त्याला अधिक मान आणि लिंक देणारा स्वतः मान्यवर असेल, तर त्याच्या मताला अधिक किंमत. पेज यांच्याच आडनावावरून या पद्धतीला ‘पेजरँक’ म्हणतात.

जिथे मते मोजली जातात, तिथे मतांची खरेदी होणारच. लिंक विकण्याचे कारखाने निघाले, पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द शेकडो वेळा लिहिण्याची युक्ती रूढ झाली. गुगलने फेब्रुवारी २०११ मध्ये ‘पांडा’ या बदलाने निकस मजकुराची आणि एप्रिल २०१२ मध्ये ‘पेंग्विन’ने विकतच्या लिंकांची पत घसरवली. पानाच्या पोटात दडवून ठेवायच्या ‘मेटा कीवर्ड’चा आपण क्रमवारीसाठी उपयोगच करत नाही, हे तर गुगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केले होते. तरीही ‘पन्नास मेटा कीवर्ड टाकून देतो’ असे सांगणारा एजंट भेटलाच, तर त्याचे ज्ञान केव्हाचे आहे याचा अंदाज बांधता येतो.

हे झाले जगाचे. वसईच्या व्यावसायिकाची अडचण निराळी आहे आणि तिची सुरुवात नावापासून होते. या गावाचे नाव पोर्तुगीजांनी आपल्या उच्चाराने लिहिले, इंग्रजांनी त्याचे ‘बसीन’ केले. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये किल्ला जिंकला, तरी इंग्रजी कागदोपत्री ‘बसीन’ टिकून राहिले. १८०२ चा तह इंग्रजी ग्रंथांत आजही त्याच नावाने सापडतो. रेल्वेने स्थानकाचे नाव ‘वसई रोड’ केले, पण त्याच्या संकेताक्षरांत जुन्या नावाचे ‘बीएसआर’ अद्याप शाबूत आहे. भर समुद्रात ओएनजीसीचे वायुक्षेत्रही ‘बसीन’ आणि ब्रह्मदेशातील पाथेन शहराचे जुने इंग्रजी नावही ‘बसीन’च. इतिहासाच्या अभ्यासकाला ही गुंतागुंत रंजक वाटेल. मात्र आपल्या पानावर गावाचे नाव कसे लिहायचे, हे ठरवणाऱ्या लॉजचालकाला ती महागात पडू शकते.

एव्हरशाईनचे तेच. मालाड पश्चिमेला ‘एव्हरशाईन नगर’ आहे. केवळ ‘एव्हरशाईन’ एवढेच लिहून जो थांबला, त्याच्याकडे मालाडची चौकशी येणार आणि त्याची चौकशी मालाडला जाणार. मराठी माणूस ‘एव्हरशाईन’ लिहितो, हिंदी भाषक ‘एवरशाइन’ लिहितो आणि दोघेही बहुधा रोमन अक्षरांतच टाईप करतात. अशा बहुभाषिक वस्तीत ‘एव्हरशाईन सिटी, वसई पूर्व’ हे पूर्ण नाव देवनागरी व रोमन अशा दोन्ही लिप्यांत पानाच्या शीर्षकात आणि मजकुरात सहजपणे एकदा येणे, हा एसईओचा पहिला धडा. शंभरदा लिहिणे हा धडा नव्हे.

त्यात प्रशासनाने पत्तेच बदलले. चार नगरपरिषदा आणि अनेक ग्रामपंचायती एकत्र करून जुलै २००९ मध्ये वसई-विरार शहर महानगरपालिका अस्तित्वात आली. पुढे १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन वसई तालुका पालघर जिल्ह्यात गेला. दुकान जागचे हलले नाही, पण कुठे ‘जिल्हा ठाणे’, कुठे ‘जिल्हा पालघर’, कुठे नुसतेच ‘मुंबई’ अशी त्याच्या पत्त्याची तीन-चार रूपे इंटरनेटवर पडून राहिली. नाव, पत्ता आणि दूरध्वनी या तीन गोष्टी सर्वत्र एकसारख्या असल्या तरच एकाच दुकानाची नोंद म्हणून त्या जुळतात. जुळल्या नाहीत तर दोन अर्धवट दुकाने तयार होतात आणि एकालाही पूर्ण वजन मिळत नाही. जुन्या नोंदी शोधून दुरुस्त करणे हे कंटाळवाणे, बिनखर्चाचे आणि हटकून उपयोगी पडणारे काम आहे. बहुधा म्हणूनच ते कोणी विकत नाही.

मराठीच्या वाट्याला आलेला आणखी एक भोग म्हणजे फॉण्टचा. इंटरनेटच्या पहिल्या दशकात बहुतेक मराठी दैनिकांच्या संकेतस्थळांवर ‘आधी आमचा फॉण्ट उतरवून घ्या’ अशी सूचना असे. पडद्यावर मराठी दिसे, पण पानाच्या पोटात रोमन अक्षरांचा अर्थहीन चिवडा असे. सर्च इंजिनच्या लेखी ते मराठी नव्हतेच. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला जागा मिळाली होती आणि विंडोज २००० पासून ती सर्वसामान्यांच्या संगणकावर आली. तरी आपल्याकडे ती रुळायला बराच काळ गेला. त्या काळातील हजारो मराठी पाने त्यामुळे शोधाच्या दृष्टीने मुकी राहिली. आजही सरकारी कार्यालयांतील किती तरी कागद स्कॅन करून नुसते चित्र म्हणून चढवले जातात. हरकती-सूचनांची मुदत ज्या जाहीर सूचनेत असते, ती सूचना नागरिकाला शोधून सापडत नसेल, तर एसईओ हा केवळ दुकानदारांचा विषय उरत नाही.

युनिकोड आल्यावरही कटकट संपली नाही. ‘ॲकॅडमी’चा पहिला स्वर घ्या. त्याला स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ मध्ये. तोवर ‘अ’वर चंद्र जोडून काम भागवले जाई. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाच्या दृष्टीने मात्र ती वेगळी अक्षरे आहेत. शिवाय मराठी शब्द विभक्ती लागताच रूप पालटतो. ‘डबा’चे ‘डब्याची’, ‘दवाखाना’चे ‘दवाखान्यात’, ‘वसई’चे ‘वसईतील’. इंग्रजीच्या तुलनेत ही रूपे ओळखण्यात सर्च इंजिने बराच काळ मागे होती. त्यात आता सुधारणा झाली आहे, तरी शीर्षकात मूळ रूप एकदा असणे शहाणपणाचे. ‘आमच्या डब्यांची चव न्यारी’ हे वाक्य देखणे खरे, पण ‘घरगुती जेवणाचा डबा, एव्हरशाईन सिटी, वसई पूर्व’ हे शीर्षक गिऱ्हाईक आणते.

आता त्या ‘पहिल्या क्रमांका’कडे वळू. परिसरातील व्यवसाय शोधताना नकाशासह जी यादी दिसते, ती तीन गोष्टींवर ठरते असे गुगल स्वतः सांगते: शोधाशी जुळणी, शोधणाऱ्यापासूनचे अंतर आणि व्यवसायाची ख्याती. यातील मधली गोष्ट ध्यानात घेतली, की एजंटाच्या प्रात्यक्षिकातील मेख कळते. तो दुकानातच, गल्ल्यापाशी उभा राहून मोबाईलवर शोध करून दाखवतो. अंतर शून्य. त्या जागेवरून ते दुकान वर आले, तर नवल ते काय! तोच शोध वसई पश्चिमेला, स्थानकापाशी किंवा नालासोपाऱ्यात करून पाहिला, तर यादी वेगळी येते. किंबहुना सर्वांसाठी एकच ‘पहिला क्रमांक’ असा आता उरलेलाच नाही. दुसरी हातचलाखी शब्दांची. कोणीच टाईप करत नाही असा लांबलचक शब्दसमूह निवडायचा आणि त्यात दुकान पहिले आणून दाखवायचे. स्पर्धकच नसलेली शर्यत जिंकायला एजंट कशाला हवा? कोणीही पहिल्या क्रमांकाची हमी देऊ शकत नाही, असे गुगलच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे.

पैसे देऊन वर येणारी जागा वेगळी, ती जाहिरातीची आणि तिच्यावर तसा शिक्का असतो. जाहिरात दिल्याने मूळ क्रम वर सरकत नाही. एजंट या दोहोंची सरमिसळ करतात, तेव्हा दिलेला पैसा कशात गेला, हे लेखी मागावे.

व्यवसायाची नोंद करणे विनामूल्य आहे आणि ती मालकाने स्वतःच्या ई-मेलवरून, स्वतःच्या मोबाईल क्रमांकावर करावी. हा मुद्दा किरकोळ वाटतो, पण भांडणे इथेच होतात. नोंद आणि संकेतस्थळाचे नाव एजंटाच्या नावावर असले, की वार्षिक शुल्काचा वाद होताच दुकान इंटरनेटवरून गायब होते किंवा दूरध्वनी क्रमांक बदलतो. गुगलवरही सर्वस्वी विसंबून चालत नाही. व्यवसायांना नोंदीसोबत फुकट मिणारी छोटी संकेतस्थळे कंपनीने मार्च २०२४ मध्ये बंद केली आणि ज्यांचे दुसरे काहीच नव्हते, त्यांना नव्याने सुरुवात करावी लागली.

संकेतस्थळ असलेच, तर ते मोबाईलवर झटकन उघडावे. एप्रिल २०१५ पासून मोबाईलवरील शोधात पान मोबाईलसाठी सोयीचे आहे का, याचाही विचार होऊ लागला. प्रत्येक सेवेचे पान स्वतंत्र असावे. वेळ, दर आणि सुट्टीचा दिवस लिहावा. अभिप्राय खऱ्या गिऱ्हाइकांचेच असावेत. विकतच्या अभिप्रायांना आळा घालण्यासाठी भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये मानक आणले असले, तरी ते ऐच्छिक आहे.

एवढे सारे केले तरी मैदान सपाट नाही, हेही नमूद केले पाहिजे. भारतीय स्पर्धा आयोगाने शोधातील पक्षपातासाठी गुगलला फेब्रुवारी २०१८ मध्ये सुमारे १३६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतील न्यायाधीश अमित मेहता यांनी शोधाच्या क्षेत्रातील कंपनीची मक्तेदारी बेकायदा ठरवली. त्याच महिन्यात भारतात शोधाच्या वरच कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेले आयते उत्तर दाखवण्यास आरंभ झाला. ‘दाढ का दुखते’ या विषयावर दंतवैद्याने लिहिलेला लेख वाचून यंत्र उत्तर देते, वाचकाला मूळ पानावर जाण्याचे कारण उरत नाही. माहितीपर लेखांवर भिस्त ठेवणाऱ्यांना याचा फटका आहे. ‘एव्हरशाईन सिटीत आज रात्री नऊ वाजता कोणता दवाखाना उघडा आहे’ या प्रश्नासाठी मात्र अचूक स्थानिक नोंदीला पर्याय नाही.

आणि याच नोंदीत खरा धोका आहे. नकाशावरील माहितीत कोणालाही दुरुस्ती सुचवता येते. या सोयीचा गैरफायदा घेऊन बँकेच्या शाखांच्या नोंदीत भामट्यांनी आपले क्रमांक घातल्याच्या तक्रारी २०१८ मध्ये राज्याच्या सायबर पोलिसांपर्यंत गेल्या होत्या. ‘कस्टमर केअर’चा क्रमांक शोधून फोन करावा आणि खाते रिकामे व्हावे, हा प्रकार त्यानंतरही थांबलेला नाही. भामटेही एसईओ जाणतात, इतकेच. ग्राहकाने बँकेचा क्रमांक पासबुकावरून किंवा कार्डाच्या पाठीवरून घ्यावा आणि फसवणूक झाल्यास तत्काळ १९३० वर कळवावे. दुकानदाराने दर महिन्याला एकदा दुसऱ्याच्या मोबाईलवरून स्वतःचे दुकान शोधावे आणि तिथे दिसणारा क्रमांक लावून घंटी आपल्याच गल्ल्यावर वाजते ना, हे पाहावे.