ग्राहक देव नव्हे, राजाही नव्हे

बँकेची पायरी चढलेल्या बहुतेक वाचकांनी ती पाटी पाहिलेली असेल. चौकटीत महात्मा गांधींचे चित्र आणि त्याखाली ग्राहकाचे माहात्म्य सांगणारा एक उतारा. ग्राहक आपल्यावर अवलंबून नाही, आपणच त्याच्यावर अवलंबून आहोत, अशा आशयाचा. कित्येक ठिकाणी त्याखाली ‘दक्षिण आफ्रिका, १८९०’ असेही छापलेले असते. १८९० साली गांधीजी लंडनमध्ये कायद्याचा अभ्यास करीत होते. दक्षिण आफ्रिकेत ते पोहोचले १८९३ साली. याच मजकुराशी जुळणारा उतारा १९४१ साली अमेरिकेत छापला गेला, तो स्टुडबेकर या मोटार कंपनीचे विक्रीप्रमुख केनेथ इलियट यांच्या नावाने. मोटारी खपविणाऱ्याचे बोल आपण महात्म्याच्या तोंडी घातले आणि हार घालून मोकळे झालो.

ही केवळ सनावळीची चूक असती तर तिच्यासाठी शाई खर्ची घालण्याचे कारण नव्हते. परंतु तिच्यातून आपल्या मनाचा गोंधळ उघडा पडतो. ग्राहकाशी गोड बोला, कारण त्याच्या खिशातून आपला पगार निघतो, हा व्यापाराचा हिशेब आहे. तो खोटा नाही. मात्र त्याला सौजन्य म्हणू नये. ज्याच्या खिशात काही नाही त्याच्याशी कसे बोलावे, याविषयी हा हिशेब मुका आहे.

जुन्या पिढीला वेगळी तऱ्हा आठवत असेल. टेलिफोनसाठी आणि गॅसच्या जोडणीसाठी नाव नोंदवून वर्षे मोजावी लागत, आणि खिडकीपलीकडचा गृहस्थ मान वर न करता ‘उद्या या’ म्हणे. तो जन्मतः दुष्ट होता असे नव्हे; आपल्याला जायला दुसरी खिडकीच नव्हती, हे त्याला ठाऊक होते. १९९१ नंतर खिडक्या वाढल्या, काचा चकचकीत झाल्या, आणि सुधारणा झाली असे आपण म्हणू लागलो. झालीही. पण उर्मटपणा काही देश सोडून गेला नाही. कोणाच्या वाट्याला जायचे, एवढेच तो आता निवडून ठरवतो.

गेल्या पावसाळ्यात एका बँकेत मी हे पाहिले. (बँकेचे नाव सांगण्यात हशील नाही, वाचकाला आपापल्या गावची शाखा आठवेलच.) एक वृद्ध बाई ओली छत्री काखेत धरून पासबुकात नोंदी करून घेण्यासाठी उभ्या होत्या. यंत्र बंद होते. ‘मावशी, एकदा सांगितलेले कळत नाही का? मोबाईलवर बघा,’ असे त्यांना ऐकविण्यात आले. त्यांच्याकडे मोबाईल होता, साधा. त्यावर फक्त मुलाचा फोन येतो. पाच पावलांवर, काचेच्या खोलीत, जमीन विकून नुकताच पैसा हाती आलेल्या एका गृहस्थांसमोर चहा ठेवला जात होता. त्यांना सर, साहेब, काका अशा तिन्ही पदव्या एकाच वाक्यात मिळत होत्या. ते मुदत ठेव करण्यासाठी आले होते. बाहेर पडले ते विम्याचा कागद घेऊन.

त्या दोघांपैकी अपमान कोणाचा झाला? माझ्या मते दोघांचाही. एकीला माणूस म्हणून मोजले नाही, दुसऱ्याला सावज म्हणून मोजले. आणि चहाचा कप पाहून आपण फसलो, तर पहिल्या अपमानापेक्षा दुसरा महाग पडतो. असा विमा गळ्यात पडलेल्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे, की पॉलिसी हाती पडल्यापासून ३० दिवसांच्या आत ती परत करता येते. आणि त्या बाईंसारख्या सत्तरी ओलांडलेल्यांना रोख रक्कम देण्याघेण्यासारख्या मूलभूत सेवा घरपोच मिळाव्यात, अशी सूचना रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्येच बँकांना दिली आहे. ही सूचना महात्माजींच्या चित्राशेजारी मोठ्या अक्षरांत लावलेली मला तरी कोठे दिसली नाही.

यावर काही सुशिक्षित मंडळींचे उत्तर तयार असते: मराठी माणसाला शिष्टाचारच नाहीत, तो ‘प्लीज’ म्हणत नाही, ‘थँक्यू’ म्हणत नाही. पुण्याच्या दुकानदाराची पु. ल. देशपांड्यांनी केलेली थट्टा मग पुराव्यादाखल पुढे येते. हा आरोप मला मुळीच मान्य नाही. आपल्या भाषेत ‘कृपया’ हा शब्द रेल्वेच्या घोषणेत आणि ‘कृपया येथे थुंकू नये’ या पाटीवर राहतो. घरात, बाजारात त्याला कोणी ओळखत नाही. आपले सौजन्य क्रियापदात असते. ‘या, बसा, पाणी घ्या’ यात प्लीज कोठे आहे? आणि त्याची उणीव कोणाला भासली? ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणणारी ही भाषा आहे. वजन करून झाल्यावर दोन मिरच्या आणि कोथिंबिरीची काडी वर टाकणाऱ्या भाजीवालीने कधी आभार मानले नाहीत, पण तिने दिले ते आभारांहून जास्त होते. आज फोनवर ‘मी आपली काय मदत करू शकते?’ असे पढविलेले वाक्य ऐकू येते. व्याकरण मराठी, आतला जीव परका. ती मुलगी बिचारी काय करणार? वाक्य चुकले तर तिचे गुण कापले जातात.

इथेच विषयाची दुसरी बाजू येते, आणि ती आपल्या घरांपर्यंत पोहोचते. आपण काउंटरच्या फक्त एकाच बाजूला असतो काय? आपल्या मुली इस्पितळात परिचारिका आहेत, मुलगे हॉटेलांत आणि विमानतळांवर राबत आहेत. संध्याकाळी त्यांच्या तोंडून ग्राहकांच्या अरेरावीच्या कथा ऐकून आपण हळहळतो. आणि त्याच संध्याकाळी दारात पार्सल घेऊन आलेल्या तरुणाला ‘ए, किती उशीर? तुझे स्टार कापतो बघ’ असे आपणच सुनावतो! आपल्या बोलींत एकवचन हे जिव्हाळ्याचे असते, हे मी जाणतो. परंतु पन्नाशीच्या वॉचमनला ‘तू’ आणि त्याने सलाम ठोकलेल्या पंचविशीच्या साहेबाला ‘तुम्ही’, या व्याकरणात जिव्हाळा शोधूनही सापडणार नाही. पाच ताऱ्यांचा अधिकार बोटाच्या टोकावर आला आणि प्रत्येक जण दोन मिनिटांचा मालक झाला. ग्राहक राजा आहे, देव आहे, असे आपल्याला इतक्या वेळा सांगितले गेले, की राजाचा लहरीपणा आणि देवाचा कोप एवढेच आपण त्यातून उचलले.

सौजन्य शिकविण्याची शिबिरे भरविणाऱ्या मालकांना माझा एक प्रश्न आहे. दहा तास उभ्या असलेल्या मुलीने नेमके कशाच्या बळावर हसावे? केरळमधील कापडाच्या दुकानांतल्या स्त्रियांनी हाच प्रश्न रस्त्यावर आणला. दिवसभर बसायची मुभा नाही, पाय सुजतात, लघवीला जाण्याचीही चोरी, म्हणून पाणी पिणेच त्या टाळत. कोझिकोडमध्ये उभ्या राहिलेल्या त्यांच्या चळवळीमुळे केरळ सरकारला २०१८ साली दुकानविषयक कायद्यात दुरुस्ती करून विक्रेत्यांसाठी बसण्याची सोय बंधनकारक करावी लागली. तामिळनाडूने २०२१ साली तसाच कायदा केला. स्टुलासाठी कायदा करावा लागतो, आणि आपण चर्चा करतो ती हास्य किती इंच रुंद असावे याची!

लग्नसराई तोंडावर आली आहे. घरोघरची मंडळी साड्या घेण्यासाठी मोठ्या दुकानांत जातील, पांढऱ्या गादीवर ऐसपैस बसतील, थंड पेय घेतील आणि साठ साड्या उलगडून एकसष्टावी मागवतील. जरूर मागवावी. फक्त ती आणणाऱ्या मुलीच्या मागे, भिंतीकडे, एकदा नजर टाकावी. तेथे स्टूल नसेल तर बिल भरण्यापूर्वी गल्ल्यावरच्या शेटजींना, सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारावे, ‘या मुली बसतात कुठे हो?’