शाळा कोणी निवडली?

चाकणच्या कारखान्यात कंत्राटावर राबणारा, मराठवाड्यातून आलेला कामगार आपल्या मुलाला जिल्हा परिषदेच्या मोफत शाळेत न घालता पत्र्याच्या छपराखालील 'इंग्लिश मीडियम'मध्ये का घालतो? खाजगीकरणाच्या पुरस्कर्त्यांचे उत्तर तयार असते : गरिबालाही पारख असते, पैसे मोजून त्याने दर्जा निवडला.

गरिबाला पारख नसते, असे म्हणण्याचा उद्धटपणा समाजवाद्यांनी तरी करू नये. पण तो पारखतो काय? बारा तासांची पाळी करून खोलीवर परतणाऱ्या बापाला वर्गातले अध्यापन दिसत नाही. त्याला दिसते ती दारात येणारी गाडी, गळ्यातला टाय, इंग्रजी कविता घोकणारा शेजाऱ्याचा मुलगा. शिवाय हेल्पर आणि सुपरवायझर यांच्यातले अंतर बरेचसे इंग्रजीचे असते, हे तो कारखान्यात रोज अनुभवतो. हा अनुभव खोटा नाही. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र तपासला पाहिजे.

आंध्र प्रदेशात कार्तिक मुरलीधरन व वेंकटेश सुंदररामन या अर्थशास्त्रज्ञांनी तो तपासला. सोडतीने निवडलेल्या मुलांचे शुल्क भरून त्यांना खाजगी शाळांत धाडण्यात आले. चार वर्षांनंतर तेलुगू व गणितात ती सरकारी शाळांतील मुलांच्या पुढे गेलेली आढळली नाहीत. खाजगी शाळांचा दरडोई खर्च मात्र सरकारीच्या सुमारे एक-तृतीयांश होता. ही काटकसर मुख्यतः शिक्षकांच्या पगारातून साधते. म्हणजे कंत्राटी कामगाराच्या मुलाला शिकवणारी बाईही कंत्राटीच!

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने खाजगी शाळांतील पंचवीस टक्के जागा दुर्बलांना दिल्या. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य शासनाने, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास विनाअनुदानित शाळांना त्यातून सूट दिली. जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली म्हणून बरे. गरिबाच्या निवडीचे गोडवे गाणारे तेव्हा कोठे होते?

परंतु दोष एकट्या शासनाचा नाही. पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मागोमाग मोटारींचे कारखाने आले, कामगार संघटित झाला, वेतनाचे करार झाले. आणि वाढीव वेतनासह कायम कामगाराने आपली मुले पालिकेच्या शाळांतून काढून नेली. तक्रार करण्याची ज्यांची ताकद असते तेच आधी बाहेर पडले, की मागे उरलेली संस्था खालावत जाते, हे अल्बर्ट हर्शमन यांनी 1970 सालीच सांगितले होते. गेटसभेतल्या मागण्यांत शाळेचे गळके छप्पर क्वचितच आले.

चाकण ज्या खेड तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेला 2025 साली जागतिक स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. तेथे शिक्षकांच्या पाठीशी ग्रामस्थ उभे होते. चाकणच्या चाळींत मात्र भाडेकरू आहेत, आणि तेही पाळीत अडकलेले. सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन-चतुर्थांश पालक असावे लागतात. त्या समितीची बैठक दुसऱ्या पाळीच्या कामगाराला जमेल अशा वेळी ठेवा, असा आग्रह आजवर किती कार्यकर्त्यांनी धरला आहे?