पावसांतला पूल आणि आमचे रसिक

जपानी लाकडी ठशांच्या चित्रांविषयीं आमच्या रसिकवर्गांत जी भाषा रूढ झाली आहे, तिचा आम्हांस आतां मनापासून वीट आला आहे. ‘स्वप्नसृष्टि’, ‘पौर्वात्य शांति’, ‘व्यवहाराचा स्पर्श नसलेलें सौंदर्य’ हे शब्द उच्चारले कीं रसग्रहण संपलें! त्यांत व्हॅन गॉगनें १८८७ सालीं हिरोशिगेचें पावसाचें चित्र तैलरंगांत उतरवून घेतल्याची हकीकत जोडली, म्हणजे मूळ चित्राच्या थोरवीवर जणूं राजमुद्राच उमटली.

पण तें मूळ चित्र एकदां नीट पाहावें. तें १८५७ सालचें. स्थळ एदो, म्हणजे आजचें तोकियो. सुमिदा नदीवरील शिन्-ओहाशी पुलावर अवचित सर कोसळली आहे. कोणी छत्रीखालीं दाटीनें चालले आहेत, कोणी डोक्यावर चटई ओढली आहे, आणि दूर एक नावाडी ओंडक्यांचा तराफा एकटाच लोटीत आहे. पाऊस आला म्हणून त्याचें काम थांबलेलें नाहीं. यांत स्वप्न तें कोठें? दोनच वर्षांपूर्वीं, १८५५ सालीं, भूकंपानें व मागाहून लागलेल्या आगींनीं या शहराची दुर्दशा केली होती. आणि चित्रकार तर एदोच्या अग्निशामक अधिकाऱ्यांच्या कुळांतला! अशा शहरांतील पूल, धक्के, दुकानें व वर्दळ त्यानें शंभराहून अधिक चित्रांच्या मालेंत काढली.

दुसरा एक पक्ष म्हणतो, ‘ही अनेक हातांची कारागिरी, कला नव्हे.’ हा तर कहर झाला! चित्रकाराचा कागद लाकडी फळीवर पालथा चिकटवीत आणि कोरतांना तो नाहींसाच होई. पावसाची केसासारखी रेषा उमटावी म्हणून तिच्या दोन्ही बाजूंचें लाकूड कोरून काढून ती उभी ठेवावी लागे; हात किंचित् घसरला कीं रेषा गेली. वरचें दाटून आलेलें आभाळ छापणारा दर प्रतीच्या वेळीं फळीवरचा रंग हातानें पुसून साधी, म्हणून दोन प्रती तंतोतंत सारख्या नाहींत. पैसा उओया एइकिची या प्रकाशकाचा. आणि असलें चित्र शेवयांच्या एक-दोन वाडग्यांच्या किंमतींत सामान्य गिऱ्हाइकास मिळे. तें स्वस्त होतें, हाच कीं काय त्याचा अपराध?

चित्रकाराचें नांव चित्रावर असतें, प्रकाशकाचें असतें. कोरणाऱ्याचें क्वचित्, छापणाऱ्याचें त्याहूनहि क्वचित्. व्हॅन गॉगचें नांव घेणाऱ्या आमच्या रसिकांनीं पाऊस कोरणाऱ्या हाताची आठवण कधीं काढली आहे काय?