बोअर मारली म्हणजे सुटलो?

आरेमध्ये शूट केलेलं एखादं रील तुमच्याही प्रोफाइलवर असेलच. हिरवागार रस्ता, रिमझिम पाऊस, बाइक, वर एखादं गाणं. पुढच्या वेळी पावसाळ्याऐवजी मे महिन्यात जा, आणि मुख्य रस्ता सोडून एखाद्या आदिवासी पाड्याच्या वाटेला वळा. सकाळी लवकर. घरापुढे निळी पिंपं, कळशा, तेलाचे रिकामे कॅन ओळीने मांडलेले दिसतील. आरेत असे २७ पाडे आहेत असं सांगितलं जातं. त्यातल्या अनेक घरांमध्ये नळ नाही. सामायिक नळ, विहीर नाहीतर बोअर, यावरच सगळं चालतं.

आता नकाशा उघडा. या कॉलनीला लागूनच विहार तलाव आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईला नळाचं पाणी पहिल्यांदा मिळालं ते इथून. थोडं पुढे पवई तलाव. त्याचं पाणी पिण्यायोग्य नाही, म्हणून ते उद्योगांना आणि आरे दुग्ध वसाहतीला पिण्याव्यतिरिक्तच्या कामांसाठी दिलं जातं. म्हणजे दोन तलावांच्या शेजारी राहून पिण्याच्या पाण्यासाठी रांग.

हे सगळं आठवायचं कारण वेगळंच आहे. एप्रिल २०२५ मध्ये मुंबईतल्या टँकरवाल्यांनी संप केला होता, आठवतंय? विहिरी आणि बोअरमधून पाणी उपसायला केंद्रीय भूजल प्राधिकरणाची एनओसी हवी, या नियमावरून. १० तारखेला टँकर थांबले. शेवटी पालिकेने आपत्ती व्यवस्थापन कायदा वापरून टँकर आणि विहिरी ताब्यात घ्यायची तयारी केली, नोटिसांना १५ जूनपर्यंत स्थगिती मिळाली आणि १४ तारखेला संप मिटला. त्या चार-पाच दिवसांत अंधेरी-गोरेगावच्या किती सोसायट्या टँकरवर जगतात ते कळलं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तेव्हापासून एकच विषय आहे: आपण सेल्फ-सफिशियंट होऊया. बोअर मारायची, टेरेसवरचं पाणी साठवायचं, जादा टाकी बसवायची, वर आरओ. झालं, पालिकेची कटकट संपली!

मी हिशेब मांडून बघितला. (गणित दहावीनंतर सोडलंय, पण एवढं जमतं.) एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. उपनगरात पावसाळ्याच्या चार महिन्यांत साधारण २,२०० मिलिमीटर पडतो असं धरू. १०० चौरस मीटरची टेरेस असेल तर २ लाख २० हजार लिटर. वाया जाणारं २० टक्के सोडा, तरी १ लाख ७६ हजार उरलं. इमारतीतल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर, या मापाने पाच जणांचं कुटुंब कोरड्या आठ महिन्यांत १ लाख ६२ हजार लिटर वापरतं. जुळलं की!

पण नाही जुळत. एक तर हे पाणी ठेवायला हजार लिटरच्या १६२ टाक्या लागतील. आणि टेरेस एका कुटुंबाची कुठे असते? सात मजल्यांवर प्रत्येकी एकच घर धरलं तरी प्रत्येकाच्या वाट्याला सातवा हिस्सा.

तोच हिशेब पाड्यावरच्या घराचा करा. पत्र्याचं छप्पर समजा २५ चौरस मीटर. हाती येतं ४४ हजार लिटर, आणि वर दुसरा मजला नाही, त्यामुळे वाटेकरीही नाही. फक्त पिण्या-रांधण्याचं पाणी माणशी सात लिटर धरलं तर पाच जणांना आठ महिन्यांसाठी ८,४०० लिटर पुरतं. नऊ टाक्या. म्हणजे कागदावर पाण्याच्या स्वातंत्र्याच्या सगळ्यात जवळ पाड्यावरचं घर आहे, टॉवर नाही. अडतं ते नऊ टाक्यांच्या पैशांवर, त्या ठेवायच्या जागेवर आणि परवानगीवर. कारण आरेची बहुतेक जमीन सरकारची आहे.

मग सोसायटीला एवढी मोठी टाकी कुठे मिळणार? जमिनीखाली. म्हणून बोअर. आपल्याखालचा बेसॉल्ट मात्र स्पंजसारखा नाही. पाणी वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांमध्येच असतं. भेग लागली तर पाणी, नाही लागली तर कोरडी, आणि जास्त खोल गेलं म्हणून जास्त पाणी लागेलच असंही नाही. ती भेग तुमच्या कंपाउंडच्या भिंतीपाशी थांबतही नाही. जोरदार पंप लावून तुम्ही जे खेचता, ते शेजारच्या उथळ विहिरीतलं असू शकतं. भरतं कोण? आरेसारखी उघडी माती, जिथे पाऊस मुरायला जागा आहे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आणि आरओ? तलावाच्या पाण्यात क्षार मुळात कमी असतात. टीडीएस ५०० च्या खाली असेल तिथे आरओ नको, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्येच म्हटलं होतं. लिटरभर शुद्ध पाण्यासाठी दोन-तीन लिटर ओतून देणारं मशीन, तेही पाणी वाचवायच्या प्लॅनमध्ये! जंतूंची भीती असेल तर उकळा, क्लोरीन घाला किंवा यूव्ही लावा. टीडीएस मीटरला जंतू दिसत नाहीत.

माझा खरा आक्षेप मात्र वेगळा आहे. ज्यांचा आवाज वॉर्ड ऑफिसपर्यंत पोचतो, ते बोअर मारून रांगेतून बाहेर पडले की रांगेत उरतात ज्यांचा पोचत नाही ते. डिसेंबर २०१४ मध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, की झोपडी अनधिकृत असली तरी पाणी नाकारता येत नाही, ते जगण्याच्या हक्कात येतं. पालिकेचं ‘सर्वांसाठी पाणी’ धोरण यायला २०२२ उजाडलं. आठ वर्षं! एवढा वेळ टॉवरवाल्यांना थांबावं लागलं असतं का?

हिवरे बाजारचं नाव तुम्ही शाळेत ऐकलं असेल. तिथे शेतीसाठी बोअर मारायला गावानेच बंदी घातली आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली. कमी पावसाचं गाव ते. आपल्याकडे २,२०० मिलिमीटर पडतो आणि आपण टँकरची वाट बघतो.

नव्या मोठ्या इमारतींना मुंबईत २००२ पासून पर्जन्य जलसंचयन सक्तीचं आहे. तुमच्या इमारतीत ते आहे का, आणि टेरेसचा पाइप खाली नेमका कुठे जातो, एकदा बघाच. एनएसएसचे तासही त्यात भरतील.

आमच्या ग्रुपवरच्या पोलमध्ये बोअरला बहुमत मिळालं. पाइप बघायला मी आणि तिसऱ्या मजल्यावरचे काका असे दोघंच टेरेसवर गेलो. तिथून जिने उतरत त्याचा माग काढला. तो गेटजवळच्या गटारात जात होता.