दहा दिवसांची सेवा

हिवाळ्याची किंवा उन्हाळ्याची सुट्टी लागली, की दिल्लीच्या विमानतळावर एकाच रंगाचे सदरे घातलेल्या परदेशी तरुणांचे गट उतरू लागतात. कधी ते अमेरिकेतील एखाद्या गावच्या चर्चने पाठवलेले असतात, कधी कोरियातील. बरोबर एक धर्मोपदेशक, औषधांच्या पेट्या, फुगे, रंगीत खडू आणि एखादी गिटार. दुसऱ्या दिवशी सकाळी भाड्याची गाडी त्यांना यमुनेकाठच्या किंवा गाझियाबादच्या हद्दीवरच्या वस्तीत नेते. मुलांना हातवारे करून गाणी शिकवली जातात, सर्दीखोकल्याच्या गोळ्या वाटल्या जातात, वस्तीतल्या एकुलत्या एका वर्गखोलीच्या भिंतीला निळा रंग दिला जातो. संध्याकाळी मुक्कामी परतल्यावर प्रार्थना, आणि ज्याने त्याने दिवसभरात आपल्या अंतःकरणाला काय जाणवले याचे कथन. राखून ठेवलेला शेवटचा दिवस आग्र्याचा. दहाव्या रात्री विमान सुटते.

या प्रकाराला अल्पमुदतीचे मिशन असे नाव आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथ्नाव यांनी २००५ च्या सुमारास केलेल्या पाहणीवरून असा अंदाज निघाला, की एकट्या अमेरिकेतील चर्चचे सुमारे १६ लाख सभासद दर वर्षी अशा परदेशयात्रेला जातात. त्यांतले बरेच जण मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडे वळतात. भारताच्या वाट्याला येणारा ओघ त्या मानाने लहान. परंतु दिल्लीसारख्या शहरात तो ज्या रीतीने येतो आणि जातो, तिचा विचार व्हायला हवा, आणि तो आजवर नीट झालेला नाही.

तो न होण्याचे कारण असे, की या यात्रांविषयी बोलणारे दोन पक्ष आधीच ठरून गेलेले आहेत. एका पक्षाला प्रत्येक फुग्यात धर्मांतराचा कट दिसतो. दुसऱ्याला प्रत्येक गोळीत ख्रिस्ताची करुणा दिसते. हे दोन्ही पक्ष एकमेकांवर तुटून पडत असले, तरी त्यांची चूक एकच आहे. दहा दिवसांत काहीतरी घडते, असे दोघेही गृहीत धरून चालतात. वस्तुतः दहा दिवसांत कोणाचे धर्मांतर होत नाही, कोणाचा आजार बरा होत नाही आणि कोणी वाचायलाही शिकत नाही. घडते ते एवढेच, की वस्ती हे एक रंगस्थळ होते आणि तिथे राहणारी माणसे परक्याच्या आत्मिक अनुभवाची सामग्री होतात. या यात्रेवरचा खरा आरोप हा आहे, आणि तो ख्रिस्ती परंपरेच्याच साक्षीने सिद्ध करता येतो.

कारण याच दिल्लीत त्या परंपरेने वेगळा धडा घालून दिला आहे. केंब्रिज मिशन १८७७ मध्ये येथे आले. त्यातून १८८१ मध्ये सेंट स्टीफन्स कॉलेज निघाले. १८८५ मध्ये त्याच नावाचे स्त्रियांचे आणि मुलांचे रुग्णालय सुरू झाले, आणि ते अजून चालू आहे. या मंडळींच्या ठायी साम्राज्याचा अहंकार मुळीच नव्हता असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. तो भरपूर होता. परंतु ती येथे राहिली, आणि राहिल्यामुळेच त्यांच्यातल्या काहींचा अहंकार गळून पडला. चार्ल्स फ्रिअर अँड्र्यूज १९०४ च्या मार्चमध्ये दिल्लीत आले ते शिकवण्यासाठी. त्यांना भेटले मुन्शी जकाउल्ला: जुन्या दिल्ली कॉलेजात शिकलेले, गणिताची आणि इतिहासाची कितीतरी पुस्तके उर्दूत लिहिलेले, सत्तावनचा उत्पात पाहिलेले वृद्ध गृहस्थ. तेहेतीस वर्षांचा हा पाद्री त्यांच्या सहवासात बसू लागला. जकाउल्ला १९१० मध्ये वारले. त्यानंतर १९ वर्षांनी, १९२९ मध्ये, अँड्र्यूज यांनी त्यांचे चरित्र इंग्रजीत प्रसिद्ध केले. ख्रिस्ती धर्मोपदेशकाने एका मुसलमान विद्वानाविषयी कृतज्ञतेने लिहिलेले ते पुस्तक आहे, आणि जकाउल्लांना आपल्या धर्मात ओढल्याची फुशारकी त्यात शोधून सापडणार नाही. इतक्या उशिरा उमललेली अशी मैत्री दहा दिवसांच्या कार्यक्रमपत्रिकेत कुठल्या रकान्यात बसवणार?

मराठी वाचकाला तर हा मुद्दा दूर जाऊन शोधण्याची गरजच नाही. फादर स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१९ मध्ये तिथेच वारले. क्रिस्तपुराण छापून झाले १६१६ मध्ये, म्हणजे ३७ वर्षांच्या वास्तव्यानंतर. परक्या जिभेला ओवीचे वळण लागायला तेवढा काळ गेला. डॉक्टर विल्यम वॉनलेस १८८९ मध्ये भारतात आले आणि जवळजवळ ४० वर्षे मिरज परिसरात शस्त्रक्रिया करीत राहिले. ज्यांचा त्यांच्या धर्माशी काडीचा संबंध नव्हता, त्या लोकांच्या बोलण्यातही वॉनलेसवाडी हे नाव रुळले. या दोघांच्या धर्मप्रचारावर कोणाला जी टीका करायची असेल ती त्याने खुशाल करावी. पण टीका करण्याइतकी ओळख तरी त्यांनी होऊ दिली. निळ्या सदऱ्यातल्या पाहुण्यावर टीका करण्याआधीच तो परत गेलेला असतो.

भाषेचा प्रश्न यात गौण नाही. सगळे प्रकरण त्यावरच उभे आहे. दुभाष्याच्या तोंडून जे कळते ते दुभाष्याला सांगावेसे वाटते तेवढेच. वस्तीतली बाई तापाविषयी बोलत आहे, की नवऱ्याच्या दारूविषयी, की उद्या येणाऱ्या बुलडोझरविषयी, हे पाहुण्याला कळत नाही, म्हणून तो हसतो. तीही हसते. या हसण्याचे छायाचित्र निघते आणि ते समाधानाचे चित्र म्हणून समुद्रापार दाखवले जाते.

आता हिशेबाकडे वळू. १९९८ च्या मिच वादळाने होंडुरास उद्ध्वस्त झाल्यावर उत्तर अमेरिकेतील गट घरे बांधायला तिथे धावले. कर्ट व्हेर बीक या अभ्यासकाने पुढे या कामाचा पाठपुरावा करून २००६ मध्ये निष्कर्ष मांडले. स्वयंसेवकांचा प्रवास आणि मुक्काम धरला तर त्यांनी बांधलेले एक घर सुमारे ३०,००० डॉलरला पडले. तसेच घर होंडुरासमधील ख्रिस्ती संस्था २,००० डॉलरमध्ये बांधत होत्या. हा अभ्यासक मिशनचा वैरी नव्हता. तो स्वतः एका ख्रिस्ती महाविद्यालयात शिकवणारा होता. त्याने आणखी एक गोष्ट तपासली. या यात्रांचे समर्थक नेहमी म्हणतात, की गरिबांचे जे व्हायचे ते होवो, जाणाऱ्या तरुणाचे आयुष्य तरी पालटते. परतलेल्या स्वयंसेवकांच्या दानात आणि आचरणात टिकाऊ म्हणावा असा बदल त्याला फारसा आढळला नाही.

दिल्लीत हा हिशेब कागदावर मांडण्याचीही गरज नाही, तो रस्त्यावर उभा असतो. नोएडा काय, गुरुग्राम काय, सकाळी सातला कोणत्याही लेबर चौकात जावे. बिहारमधून, बुंदेलखंडातून आलेले रंगारी हातात कुंचला धरून रांगेने बसलेले असतात. कुंचला हीच त्यांची जाहिरात. दहा वाजेपर्यंत कोणी बोलावले नाही, तर त्या दिवसाची चूल पेटेल की नाही याची खात्री नसते. आणि तिथून दोन मैलांवर, विमानाच्या तिकिटापायी लाखभर रुपये खर्चून आलेला विद्यार्थी आयुष्यात पहिल्यांदाच हातात कुंचला धरून वस्तीच्या शाळेची भिंत रंगवीत असतो. ती भिंत चांगली रंगत नाही, हे सांगायला नकोच.

या बाबतीत सर्वांत कठोर शब्द उच्चारले गेले ते मेक्सिकोत, आणि उच्चारणारा माणूस कॅथलिक पाद्री होता. १९६८ च्या एप्रिलमध्ये कुएर्नाव्हाका येथे सुट्टीतील सेवेसाठी निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांपुढे इव्हान इलिच यांनी भाषण केले. त्याचा आशय असा, की या देशात बघायला या, डोंगर चढायला या, शिकायला या. मदत करायला मात्र येऊ नका. तुमच्या सद्भावनेविषयी शंका नाही, पण ज्यांच्याशी तुम्हाला बोलताही येत नाही त्यांच्यावर ती लादण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? हा केवळ वक्त्याचा आवेश नव्हता. परदेशी धर्मोपदेशकांना स्पॅनिश शिकवणारे केंद्र इलिच त्याच गावात चालवीत होते. भाषा शिकायला किती महिने लागतात, आणि त्या महिन्यांत शिकणाऱ्याचा ताठा कसा उतरतो, हे त्यांनी रोज पाहिलेले होते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. फाटलेल्या ओठांवर शस्त्रक्रिया करणारा शल्यचिकित्सक आठवडाभरासाठी आला आणि येथल्या डॉक्टरांना आपले तंत्र शिकवून गेला, तर त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. त्याच्या हातात कसब असते, आणि ते मागे ठेवून जाता येते. उरलेल्यांच्या हातात फक्त सुट्टी असते.

परंतु या सर्वांहून गंभीर गोष्ट वेगळीच आहे. पाहुणा गेल्यावर बिल कोणाच्या नावावर फाटते? राजधानीच्या या परिसरात नदी किंवा नाका ओलांडला की कायदा बदलतो. खुद्द दिल्लीत धर्मांतरविरोधी कायदा नाही. उत्तर प्रदेशात २०२० चा अध्यादेश २०२१ मध्ये कायदा झाला, २०२४ मध्ये त्यातील शिक्षा कितीतरी वाढवण्यात आल्या आणि कोणालाही तक्रार नोंदवण्याची मुभा मिळाली. हरियाणाने आपला कायदा २०२२ मध्ये केला. म्हणजे नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम आणि फरीदाबाद ही सगळी शहरे या कायद्यांखाली येतात. उत्तर प्रदेशच्या कायद्यात प्रलोभनाच्या व्याख्येत भेटवस्तूही बसते. पर्यटक व्हिसावर महिनाभराचे बिनमोबदला स्वयंसेवी काम चालते, धर्मकार्याला मात्र वेगळा मिशनरी व्हिसा लागतो. या दोहोंमधली रेषा गिटारवरच्या कोणत्या गाण्यापाशी ओलांडली जाते, हे ठरवण्याचा अधिकार शेवटी ठाणेदाराकडे जातो. हे कायदे न्याय्य आहेत असे येथे सुचवायचे नाही. संशयालाच पुरावा मानण्याची सोय त्यांनी करून ठेवली आहे, आणि ती धोक्याची आहे. पण ते आहेत, आणि त्यांची झळ विमानात बसलेल्याला लागत नाही. ती लागते वस्तीतल्या स्थानिक पाद्र्याला, ज्याने भाड्याच्या खोलीत दहा-बारा कुटुंबांची प्रार्थनासभा चालवलेली असते. वर्षभर विनावेतन शिकवणाऱ्या मुलीला, जिच्या वर्गात तो गट दोन दिवस येऊन गेलेला असतो. दिलशाद गार्डनमधील सेंट सेबॅस्टियन चर्च १ डिसेंबर २०१४ रोजी आगीत खाक झाले, त्याचा कोणत्याही पाहुण्यांशी संबंध नव्हता. ज्या शहरातील ख्रिस्ती माणसाने ती राख पाहिली आहे, त्याच्या अंगणात परक्याने ध्वनिक्षेपक लावून जावे, यात मात्र कमालीचा बेफिकीरपणा आहे.

पैशाचा मार्ग आणि माणसांचा मार्ग यांतली विसंगतीही पाहण्यासारखी आहे. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी घेणाऱ्या देशातील प्रत्येक संस्थेला ती प्रथम स्टेट बँकेच्या संसद मार्गावरील एकाच शाखेत घ्यावी लागते. कागदपत्रांच्या या चाळणीत कित्येक कामे बंद पडली. कम्पॅशन इंटरनॅशनल या अमेरिकन संस्थेने २०१७ मध्ये भारतातून अंग काढून घेतले, तेव्हा सुमारे दीड लाख मुलांना मिळणारे साहाय्य थांबले. ज्या पैशातून शिक्षिकेला पगार मिळाला असता तो अडतो, आणि जी माणसे नुसती येऊन जातात ती सुखरूप येतात. सरकारला ही व्यवस्था सोयीची आहे आणि पाठवणाऱ्या चर्चलाही, कारण पगारापेक्षा प्रवासासाठी वर्गणी लवकर गोळा होते.

येथवर वाचून एखाद्या हिंदू मराठी वाचकाला समाधान वाटले असेल, तर ते अस्थानी आहे. पहाडगंजात, नवी दिल्ली स्थानकाच्या पाठीशी, मराठी मंडळींची शाळा आहे आणि महाराष्ट्र भवनही आहे. त्याच स्थानकाच्या फलाटांवर घर सोडून आलेली मुले वर्षानुवर्षे राहत आली आहेत. गणेशोत्सवाच्या सुमारास एक दिवस फळवाटप करून छायाचित्र काढणे, गुरुग्राममधल्या कंपनीने शनिवारी आपले कर्मचारी बसमध्ये घालून झोपडपट्टीत नेणे, शाळेने समाजसेवेचे तास भरून घेणे, यांत आणि त्या निळ्या सदऱ्यांत धर्माखेरीज कोणता भेद आहे? न्यू जर्सीतले मराठी कुटुंब मुलाच्या कॉलेजप्रवेशाच्या अर्जात एक ओळ वाढावी म्हणून त्याला दोन आठवड्यांसाठी पालघरच्या आश्रमशाळेत धाडते, तेव्हा तीसुद्धा मिशनयात्राच असते. फरक असलाच तर एवढा, की चर्चमधल्या मुलाला आपल्या हेतूविषयी निदान प्रार्थना तरी करावी लागते.

राहणे म्हणजे केवळ ठाण मांडणे नव्हे, हेही अँड्र्यूज यांच्याकडूनच समजून घेता येते. १९०६ मध्ये सेंट स्टीफन्सचे प्राचार्यपद रिकामे झाले. ते इंग्रजाकडे जावे हा रिवाज होता आणि अँड्र्यूज त्याला सर्वथा पात्र होते. त्यांनी आग्रह धरला तो आपले सहकारी सुशीलकुमार रुद्र यांच्यासाठी. रुद्र त्या कॉलेजचे पहिले भारतीय प्राचार्य झाले, आणि अँड्र्यूज त्यांच्या हाताखाली शिकवीत राहिले. १९१४ मध्ये ते शांतिनिकेतनकडे निघाले, तेव्हा दिल्लीत त्यांची दहा वर्षे झाली होती. पुढच्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतून परतलेले गांधी दिल्लीत आले आणि काश्मिरी गेटजवळ रुद्रांच्या घरी उतरले. खिलाफतीच्या प्रश्नावर व्हाइसरॉयला लिहिलेल्या अनावृत पत्राचा मसुदा गांधींनी नंतर त्याच प्राचार्यांच्या छपराखाली तयार केला.