तारेवरची नवी कसरत

सुट्टीनंतर वर्गांत लिहून येणाऱ्या निबंधांचे विषय पालटत चालले आहेत. पूर्वीं मामाचें गांव, पंढरपूर, तुळजापूर, फार तर महाबळेश्वर, एवढ्यांत सुट्टी संपत असे. आतां एखाद्या तरी वहींत ‘झिप लाईन’ हा शब्द हटकून आढळतो. कोणी कोलाडला कुंडलिका नदीवरून तारेला लोंबकळत गेलेला असतो, कोणी लोणावळ्यास. आणि जिचे आप्त परदेशीं आहेत अशी एखादी मुलगी त्यांच्यासमवेत क्रूझवर जाऊन, जहाज बंदरास लागतांच, डोंगरावरून समुद्राच्या दिशेनें झेपावून आलेली असते. निबंधाचा शेवट मात्र सर्वांचा एकच असतो: तारेवरून गेलों आणि भीति कायमची गेली! या शेवटच्या वाक्याविषयीं आम्हांस दोन शब्द लिहावयाचे आहेत. भीति इतक्या स्वस्तांत जात नसते. आणि ती सगळीच जावी असेंहि आम्हांस वाटत नाहीं.

ज्या पालकांनीं हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठीं प्रथम थोडें वर्णन करतों. उंच ठिकाणापासून सखल ठिकाणापर्यंत एक पोलादी दोर ताणलेला असतो. त्यावर कप्पी बसविलेली असते. माणसाच्या कमरेस व मांड्यांस पट्टे आवळून तो कडीनें त्या कप्पीस अडकविला जातो आणि उंचवट्यावरून सोडून दिला जातो. पुढचें काम पृथ्वीचें आकर्षण करतें. दहावीच्या विद्यार्थ्यांनीं हिशेब करून पाहावा: हवेचा व घर्षणाचा अडथळा नसता, तर केवळ 20 मीटरांच्या उतारानें माणसास ताशीं सुमारें 70 किलोमीटरांचा वेग आला असता. प्रत्यक्षांत हवा आडवी येते, आणि ती हलक्या शरीरास अधिक अडविते. म्हणून किरकोळ अंगाचें मूल मध्येंच थांबण्याचा संभव असतो आणि भारदस्त गृहस्थ पलीकडच्या टोकास जोरानें येऊन पोंचतात. तेथें वजन विचारतात तें थट्टेसाठीं नव्हे. दोराविषयीं तर सोलापूरकरांस कांहीं शिकवावें असें नाहीं. ज्या गांवानें दोन-तीन पिढ्या सूत पिळलें, त्यास पीळ म्हणजे काय हें ठाऊक आहे. पोलादी दोरहि तसाच: बारीक तारांचा एक पदर, आणि असे अनेक पदर, बहुधा सहा, एका गाभ्याभोवतीं वळलेले. मागावरचें एक सूत तुटलें तर कापड लगेच फाटत नाहीं, परंतु हुशार विणकर तेथेंच थांबतो. दोराची एखादी तार तुटलेली दिसली तर तेथेंहि तसेंच थांबणारा मनुष्य असावा लागतो. सगळा प्रश्न त्या मनुष्याचा आहे.

आपल्या भाषेंत ‘तारेवरची कसरत’ हा शब्दप्रयोग जुना आहे. तो आला डोंबाऱ्यापासून. डोंबाऱ्याची पोर हातांत काठी घेऊन दोरावर चालते, तेव्हां तिच्याखालीं जाळें नसतें व कमरेस पट्टा नसतो. तिचा तोल हीच तिची वर्षानुवर्षांची विद्या. (तिनें त्या वयांत शाळेंत असावयास हवें होतें, ही गोष्ट निराळी, ती आम्ही विसरलेलों नाहीं.) नव्या प्रकारांत कसरत तार करते, माणूस नुसता लोंबतो. यांत कमीपणा नाहीं, मौज आहे, आणि मुलांनीं मौज अवश्य करावी. गड्ड्याच्या यात्रेंत आकाशपाळण्यांत बसून ओरडण्यांत जी गंमत आहे तिचाच हा मोठा भाऊ. परंतु आकाशपाळण्यांतून उतरून आपण शूर झालों असें कोणी घरीं येऊन सांगत नाहीं. खंडाळ्याजवळच्या नागफणीच्या सुळक्यावर मुंबई-पुण्याचे गिर्यारोहक दरी ओलांडण्याचे कार्यक्रम करतात, त्यांतहि दोरच असतो. पण तो बांधावयाचा कोठें, गांठ कोणती मारावयाची, हें शिकल्याशिवाय तेथें कोणी दोरास हात लावीत नाहीं. तें साहस. पैसे देऊन पंधरा मिनिटांत जें मिळतें तो अनुभव. दोहोंस एक नांव देऊं नये एवढेंच आमचें म्हणणें.

या तारेचा इतिहास मात्र मनोरंजक आहे. मध्य अमेरिकेंतील कोस्टारिका देशांत 1970 नंतरच्या दशकांत जीवशास्त्रज्ञ उंच झाडांच्या शेंड्यांवरील प्राणी व वनस्पति यांचा अभ्यास करण्यासाठीं दोरांवरून फिरूं लागले. पुढें त्याच कल्पनेवर प्रवाशांसाठीं धंदा उभा राहिला. तेथून ती जहाजांच्या सहलींत शिरली. आतां कांहीं प्रचंड जहाजांवर खुद्द डेकच्या वर तार लावलेली असते. अलास्कांत हूना नांवाचें लहानसें गांव आहे. तेथें 1912 सालचा मासे डबाबंद करण्याचा जुना कारखाना होता. त्याच जागेवर त्लिंगित या मूळ रहिवाशांच्या कंपनीनें बंदर वसविलें आणि जवळच्या डोंगरावरून सुमारें एक मैल लांबीची व 1300 फूट उताराची तार सोडली. जहाजांतून उतरलेले प्रवासी तीवरून ताशीं सुमारें 60 मैलांच्या वेगानें समुद्राकडे येतात. बंद पडलेल्या कारखान्याच्या जागीं गांवास भाकर मिळाली, ही गोष्ट गिरण्यांचीं धुरांडीं विझलेलीं पाहिलेल्या गांवानें ध्यानांत घेण्यासारखी आहे. आपल्याकडेहि मुंबई-गोवा जलमार्गावर 2018 सालीं ‘आंग्रिया’ ही सहलीची नौका सुरू झाली होती. ती पुढें बंद पडली, आणि 2021 सालीं ‘कॉर्डेलिया’ निघाली. ज्या किनाऱ्यानें कोकणचा माणूस पोटासाठीं आगबोटीच्या डेकवर बसून मुंबईस येत असे, त्याच किनाऱ्यानें आतां लोक सहलीस जातात. काळाचा हा पालट आम्हांस वाईट वाटत नाहीं.

आतां पालकांकडे वळतों. त्यांचे दोन वर्ग दिसतात. एक वर्ग ‘नको’ म्हणतो आणि त्यापुढें ऐकत नाहीं. दुसरा वर्ग पैसे भरतो, छायाचित्र काढण्यासाठीं मोबाईल सरसावतो आणि एकहि प्रश्न विचारीत नाहीं. पहिल्यावर टीका पुष्कळ होते. आम्हांस दुसऱ्याची चिंता अधिक वाटते. 2018 सालीं होंडुरासमधील रोआतान बेटावर क्रूझनें आलेलें एक नवविवाहित जोडपें एकाच तारेवर एकमेकांवर आदळलें आणि पति दगावला. एप्रिल 2025 मध्यें भोर तालुक्यांतील एका जलक्रीडेच्या ठिकाणीं एक तरुणी सुरक्षेची कडी तारेस अडकवितांनाच उंचावरून पडून मृत्यु पावली. त्याच वर्षीं जून महिन्यांत मनालीस गेलेल्या नागपूरच्या एका कुटुंबांतील बालिका पट्टा तुटून खालीं कोसळली. सुदैवानें तिचे प्राण वाचले. या तीन घटनांत मोठी तार तुटल्याची गोष्ट एकहि नाहीं. एका ठिकाणीं पट्टा, एका ठिकाणीं कडी लावण्याची जागा, एका ठिकाणीं तारेवर एका वेळीं दोघे. म्हणजे ज्या गोष्टी जमिनीवर उभें राहून डोळ्यांनीं पाहतां येतात, त्याच!

महाराष्ट्र शासनानें 2021 सालीं साहसी पर्यटनाचें धोरण जाहीर करून असे उद्योग चालविणाऱ्यांस नोंदणीचें बंधन घातलें. नियम चांगला आहे. परंतु नोंदणीचा कागद पाहावयास मागणारा गिऱ्हाईक नसेल तर तो कागद कपाटांतच राहावयाचा. तेव्हां विद्यार्थिमित्रहो, हें काम वडिलांवर सोंपवूं नका. तुम्हींच विचारा: मला धरून ठेवणाऱ्या कड्या दोन आहेत कीं एक? पुढचा मनुष्य पलीकडे सुटला हें तुम्हांस कसें कळतें? मला थांबविणार कोण, मीच कीं यंत्र? पट्टा केव्हां बदलला? उत्तरादाखल ‘कांहीं होत नाहीं हो!’ एवढेंच ऐकूं आलें, तर जिन्यानें खालीं या. रांगेंतील पन्नास माणसांच्या देखत असें खालीं उतरण्यास जें धैर्य लागतें तें उडी मारण्यास लागत नाहीं. तुमच्यापैकीं कोणी तसा उतरून आला, तर त्यास भित्रा म्हणून चिडविणाऱ्यांत तुम्ही नसावें, ही आमची कळकळीची विनंति आहे.

हें सारें आम्ही मौजेच्या तारेविषयीं लिहिलें. पण ही प्रश्न विचारण्याची संवय आम्हांस तेवढ्यासाठींच नको आहे. नेपाळच्या डोंगरांत नदीवर ताणलेल्या तारेवरील पाळण्यास तुईन म्हणतात. तेथील मुलें मौजेसाठीं नव्हे, तर शाळेसाठीं तुईनमध्यें बसत आलीं. कित्येकांचीं बोटें कप्पीखालीं गेलीं. पुढें तेथील शासनानें तुईन काढून झुलते पूल बांधण्याचें काम हातीं घेतलें. नेपाळ दूर वाटत असेल तर आपल्याच जिल्ह्यांत या. 21 मे 2024 रोजीं करमाळा तालुक्यांतील कुगांव आणि पलीकडील कळाशी यांच्या दरम्यान उजनीच्या जलाशयांत प्रवासी बोट वादळी वाऱ्यांत उलटली आणि सहा जीव गेले. तीं माणसें सहलीस निघालीं नव्हतीं. कोलाडास तारेवर चढतांना आपण शिरस्त्राण मागून घेतों. रोजच्या होडींत पाऊल ठेवतांना तरंगण्याचें जाकीट मागणारा आपल्यांत कोण आहे? ज्या मुलास सहलींत कडी तपासून पाहण्याची संवय लागली, तो उद्यां होडींत, रिक्षांत, कारखान्यांतहि तोच प्रश्न विचारील. सहलीचे पैसे तेथें वसूल झाले असें आम्ही समजूं.

एक शेवटची गोष्ट पालकांच्या कानावर घालावयाची आहे. सहलीच्या संमतिपत्रावर मुलाच्या बापाची सही चटकन् येते. मुलीचा कागद मात्र ‘घरीं विचारतों’ म्हणून चार दिवस फिरत राहतो आणि पुष्कळदां कोराच परत येतो. कारण विचारावें तर ‘मुलीची जात आहे, हातपाय मोडला तर?’ जणुं मुलाचा मोडला तर चालतो! पुण्याच्या शीतल महाजन यांनीं 2004 सालीं उत्तर ध्रुवावर विमानांतून उडी घेतली. त्यांच्याहि घरीं कोणीतरी कधींतरी होय म्हटलें असेलच. दोर वजन पाहतो, उंची पाहतो, पट्टा नीट बसला आहे कीं नाहीं तें पाहतो. याहून अधिक कांहीं पाहत नाहीं. तेव्हां पुढील संमतिपत्रांत पालकांच्या सहीखालीं दोन ओळी विद्यार्थ्याच्या हस्ताक्षरासाठीं मोकळ्या ठेवाव्यात असें आम्हीं सुचविलें आहे. तेथें मुलानें वा मुलीनें जाण्याआधीं कोणते प्रश्न विचारणार तें लिहावें. आणि जावयाचें नसेल तर तसें लिहावें. त्यास कारण देण्याची आवश्यकता नाहीं.